सूक्ष्म प्रक्षेपक
सूक्ष्म प्रक्षेपक : भ्रमणध्वनी, अंकीय कॅमेरा यांसारख्या सुवाह्य साधनांत बसविता येईल इतक्या लहान आकारमानाचे प्रतिमा-प्रक्षेपणाचे उपकरण. अशा साधनाचा पडदा खिशाच्या मापाने मर्यादित होतो. सूक्ष्म प्रक्षेपकामुळे प्रतिमेचा आकार साधनाच्या आकारावर अवलंबून राहत नाही व एकच चित्र अनेकांना एकत्र पाहता येते. आयफोन (२००७) नंतर काही वर्षांतच बहुतेक भ्रमणध्वनींना सपाट स्पर्शपटलाचे एकच रूप आले. त्यातून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणून या उपकरणाकडे पाहिले गेले.

प्रकार : प्रतिमा तयार करण्याच्या पद्धतीनुसार याचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधून काढलेली सूक्ष्म आरशांची प्रयुक्ती वापरतात. तीत सिलिकॉनच्या चकतीवरील असंख्य आरसे विद्युत् संदेशानुसार कलतात व प्रकाश भिंगाकडे किंवा भिंगापासून दूर वळवितात. दुसऱ्यात सिलिकॉनच्या परावर्तक पृष्ठावरील द्रव स्फटिकांचा थर प्रकाशाचे ध्रुवण बदलून प्रतिमा घडवितो. तिसऱ्यात लाल, हिरवा व निळा हे लेसर किरण एकत्र करून एका कंप पावणाऱ्या सूक्ष्म आरशाने पृष्ठभागावर ओळीओळीने फिरवितात. यात प्रक्षेपण-भिंग लागत नसल्याने कोणत्याही अंतरावर प्रतिमा रेखीव राहते; मात्र डोळ्यांच्या सुरक्षिततेसाठी लेसरची शक्ती मर्यादित ठेवावी लागते.

विकास : हाती धरता येणारे स्वतंत्र प्रक्षेपक २००८ मध्ये बाजारात आले. निकॉनने २००९ मध्ये कॅमेऱ्यात, तर सॅमसंगने ‘गॅलक्सी बीम’ (२०१२) या भ्रमणध्वनीत १५ ल्यूमेनचा प्रक्षेपक बसविला. २०१६ मध्ये मोटोरोलाने भ्रमणध्वनीच्या पाठीला जोडावयाचा ५० ल्यूमेनचा प्रक्षेपक काढला. त्याला स्वतःची विद्युत् घटमाला होती. यांपैकी कोणत्याही साधनाचा व्यापक प्रसार झाला नाही.

मर्यादा : याचे मुख्य कारण प्रकाशाच्या हिशेबात आहे. १५ ल्यूमेन प्रकाश १२५ सेंमी. कर्णाच्या रुंद पडद्यावर (सु. ०.६७ चौ. मी.) पसरला, तर प्रदीपन सु. २२ लक्स होते. कार्यालयातील दिव्यांचे प्रदीपन सामान्यतः ३०० ते ५०० लक्स असते. त्यामुळे तेथे चित्र पुसट होते. चित्राची लांबी-रुंदी दुप्पट केल्यास तेवढ्याच प्रदीपनासाठी चौपट प्रकाश लागतो. प्रकाश वाढविला की घटमाला लवकर संपते व उष्णता वाढते. लहान कवचातून ती बाहेर टाकणे कठीण असते. इलेक्ट्रॉनीय घटक सतत लहान होत गेले, तरी ही अडचण केवळ त्यामुळे सुटत नाही.

भावी दिशा : तोच १५ ल्यूमेन प्रकाश २० सेंमी. रुंदीच्या चित्रावर एकवटल्यास प्रदीपन सु. ६७० लक्स होते. म्हणून भिंतीवरील मोठ्या चित्रापेक्षा टेबल, कागद किंवा तळहात यांवरील लहान चित्र अधिक व्यवहार्य ठरते. मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अभिकल्पाचे शिक्षण घेतलेले प्रणव मिस्त्री यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे केलेल्या ‘सिक्स्थ सेन्स’ या प्रयोगात (२००९) हीच दिशा दिसते. त्यात गळ्यात अडकविलेला प्रक्षेपक माहिती समोरच्या वस्तूवर उमटवी व कॅमेरा बोटांच्या हालचाली टिपून त्यांना आज्ञा मानी. ह्यूमेन कंपनीची तळहातावर अक्षरे उमटविणारी पिन २०२४ मध्ये विक्रीस आली. परंतु तिचा एकरंगी प्रकाश उन्हात नीट दिसत नसे. तिची विक्री व सेवा फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली.

या अनुभवांवरून असे दिसते की, प्रक्षेपक हा पडद्याचा पर्याय म्हणून दुर्बल ठरतो; कॅमेऱ्याच्या जोडीने समोरच्या वस्तूवरच माहिती दाखविणारे साधन म्हणून मात्र त्याला पडद्याला न जमणारे काम करता येते. कमी विजेत अधिक प्रकाश देणारे लेसर व प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ यांच्या प्रगतीवर त्याचे भवितव्य अवलंबून आहे.