स्वमात : बुद्धिबळांतील एक उफराटें कोडें

बुद्धिबळांच्या पटापुढें बसलेल्या कोणत्याही मुलास त्याचा हेतु विचारला, तर ‘समोरच्या राजावर मात करणें’ हेंच उत्तर मिळेल. परंतु या खेळांतून कोडीं रचण्याची जी एक स्वतंत्र कला निर्माण झाली आहे, तींत अगदीं उलट हेतूचा एक प्रकार आहे. पांढऱ्यानें प्रथम चाल करावयाची, आणि नेमून दिलेल्या चालींत काळ्याकडून आपल्याच राजावर मात करवून घ्यावयाची. काळा मात्र तीस मुळींच राजी नसतो. टाळतां येईल तोंवर तो ती टाळणारच. इंग्रजींत यास ‘सेल्फमेट’ म्हणतात. आपण ‘स्वमात’ म्हणूं.

हें वाचून कांहीं पालक हंसतील. हरण्यास का विद्या लागते? मधल्या सुटींत आमचे कित्येक विद्यार्थी ती न शिकतांच पारंगत झालेले दिसतात! पण हें हंसणें घाईचें होय. नेहमींच्या डावांत आपण हरतों, तेव्हां जिंकणाऱ्यावर कोणी बळजबरी करीत नाहीं. येथें ज्याच्या हातून मात व्हावयाची त्यालाच ती नको असते. साध्या मातीस शत्रूच्या राजाचीं घरें रोखलीं कीं पुरे. स्वमातींत त्याची सारी सेनाच अशी कोंडावी लागते कीं, शेवटीं तिला एकच चाल उरावी, आणि ती आपल्यावर मात करणारी असावी.

एक लहानसें उदाहरण घेऊं. पट मांडून पांढऱ्याच्या बाजूनें पाहावें. पांढऱ्याचा राजा जवळच्या ओळींत उजव्या कोपऱ्यांत आहे. त्याच्या पुढच्या घरीं एक प्यादें, व त्यास लागून डावीकडे दुसरें. वजीर राजाच्याच ओळींत, डावीकडून चवथ्या घरीं. काळ्याचा राजा पलीकडच्या डाव्या कोपऱ्यांत, त्याच्या शेजारीं हत्ती, आणि हत्तीच्या अलीकडच्या घरीं प्यादें. राजाच्या अलीकडचें घर रिकामें. काळ्याचा वजीर पलीकडून दुसऱ्या ओळींत, उजवीकडून दुसऱ्या घरीं. तेथून आपल्या डाव्या कोपऱ्यापर्यंत त्याची तिरपी वाट मोकळी आहे.

साधी मात हवी असेल तर ती एका चालींत होते. पांढरा वजीर डावीकडे तिरपा तीन घरें, पटाच्या कडेपर्यंत न्यावा. काळ्यास आड घालण्यास मोहरें नाहीं, पळण्यास घर नाहीं. आतां हाच पट स्वमातीसाठीं पाहा. वजीर तिरपा न नेतां आपल्याच ओळींत सरळ डाव्या कोपऱ्यांत न्यावा. काळ्या राजास शह बसला. हत्ती आड येऊं शकत नाहीं. काळ्या वजिराची आडवी वाट त्याच्याच प्याद्यानें अडविली आहे. तिरप्या वाटेनें येऊन पांढरा वजीर मारणें एवढाच उपाय उरतो, आणि तो करतांच सबंध ओळींतून पांढऱ्या राजास शह लागून मात होते. कारण त्याच्या पुढचीं दोन्ही घरें त्याच्याच प्याद्यांनीं अडविलीं आहेत.

खरे रचनाकार असल्या उदाहरणावर समाधान मानणार नाहींत. पहिलीच चाल शहाची, ही त्यांच्या मतें ओबडधोबड युक्ति होय. उत्तम स्वमातीची पहिली चाल शांत असते. तिनें शह बसत नाहीं, मोहरें मारलें जात नाहीं. कधीं कधीं तर काळ्या राजास पूर्वीं नसलेलें मोकळें घर मिळतें. सोडविणारा म्हणतो, “हें तर शत्रूस सोडून दिलें!” मग एकेक उत्तर तपासूं लागावें, तों काळा जें जें खेळेल त्यावर निराळी तोड तयार आढळते. आपली पाळी आली असतां चाल न करण्याची मुभा त्यास नसते, हेंच त्याचें संकट. शिवाय पहिली चाल एकच असावी; दुसऱ्या चालीनेंही हेतु साधला तर कोडें बाद. आणि पटावर एकही निरुद्योगी मोहरें नसावें. मला तर या शेवटच्या नियमांतच कलेचें खरें सौंदर्य दिसतें.

नुसत्या निकालापेक्षां तो कसा साधला यास मोल देणें आपल्या लोकांस नवें नाहीं. आपल्या देशी खेळांत प्यादेमातीचा मान मोठा असे. पाश्चात्य कोड्यांच्या इतिहासांतही हिंदुस्थानचें नांव आहे. इ. स. १८४५ मध्यें दिल्लीहून हेन्री ऑगस्टस लव्हडे या पाद्रीसाहेबांनीं ‘शागीर्द’ या टोपणनांवानें एक कोडें इंग्लंडांतील मासिकाकडे धाडलें. तें स्वमातीचें नव्हे, साध्या मातीचें. पण त्यांतील उंटाची माघार इतकी नामी होती कीं, त्या कल्पनेस ‘इंडियन’ हेंच नांव पडलें. स्वमातही रचणाऱ्यांत वोल्फगांग पाउली (१८७६–१९३४) यांचें नांव आदरानें घेतात. बुखारेस्ट येथें राहणाऱ्या या गृहस्थांनीं १८९८ सालीं एक धूमकेतूही शोधिला. अमेरिकेंतील कॉडिंग्टन यांसही तो स्वतंत्रपणें दिसला असल्यानें त्यास दोघांचें नांव आहे.

आतां वरच्या पटाकडे पुन्हां वळूं. पांढऱ्या राजाच्या पुढचें प्यादें आधींच एक घर पुढें सरकलेलें आहे असें समजा. साध्या मातीस त्यानें कांहीं बाध येत नाहीं, आणि नेहमींच्या डावांत तर राजास असें पळतें घर ठेवणें शहाणपणाचें मानितात. स्वमात मात्र तत्काळ मोडते. राजा कोठें निसटतो, हें विद्यार्थ्यांनीं पट मांडून पाहावें.