ईश्वर मंगलमय असेल, तर अमंगल कोठून आले?

जग निर्माण करणारा ईश्वर सर्वशक्तिमान आहे आणि तो मंगलमयही आहे, अशी असंख्य लोकांची श्रद्धा असते. या दोन गुणांचा जगातील दुःखाशी मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादसभेतला नव्हे. सातारा-सांगलीच्या परिसरात तो सामान्य माणसाच्या दारात येऊन उभा राहिलेला आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले आणि झोपेतील माणसे घरांखाली गाडली गेली. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन व आग लागून सुमारे ३०० भाविकांचा अंत झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांपर्यंत चढले. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे जीव वाचविण्यासाठी नावेत बसलेल्या गावकऱ्यांना जलसमाधी मिळाली. मांढरदेवचे भाविक तर देवतेच्या दर्शनालाच निघाले होते. त्यांची भक्ती कोठे कमी पडली, असे म्हणावयाचे?

निसर्गाच्या कोपाखेरीज माणसाने माणसाला दिलेले दुःखही आहे. १९०१ साली साताऱ्यात शिकत असलेले बालक भीमराव, भाऊ व भाचे यांच्यासह, मसूर स्टेशनवर उतरले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. त्यांच्याकडे ही मुले निघाली होती. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला आणि गाडीवाले गाडी देईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकून त्यांना जावे लागले. जवळ अन्न होते, पण पाण्यावाचून रात्र उपाशी काढावी लागली. त्या तहानेचा कर्ता कोण?

ईश्वराला हे सारे थांबविता येत नव्हते असे म्हटले, तर तो सर्वशक्तिमान ठरत नाही. थांबविता येत असूनही त्याने थांबविले नाही असे म्हटले, तर तो मंगलमय ठरत नाही. पूज्य बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात, ईश्वरावरील विश्वास हा अधम्म का, हे सांगताना याच विसंगतीवर बोट ठेवले आहे. ईश्वर चांगला असेल तर त्याची निर्मिती असलेली माणसे खुनी, चोर व असत्यवादी का होतात, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. भूरिदत्त जातकातील गाथाही, सर्व प्राण्यांचा स्वामी म्हणविणाऱ्या ब्रह्म्याने जगात अन्याय व असत्य का निर्माण केले, असेच विचारतात.

ईश्वरवाद्यांची उत्तरेही आपण प्रामाणिकपणे ऐकली पाहिजेत. एक उत्तर असे की, ईश्वराने माणसाला स्वातंत्र्य दिले आणि माणसाने त्याचा दुरुपयोग केला. पण कोयनेच्या भूगर्भाला कोणते स्वातंत्र्य दिले होते? दुसरे उत्तर वेदान्ताचे आहे. ईश्वरावर पक्षपात व निर्दयता यांचा दोष येतो, हा आक्षेप ब्रह्मसूत्रांनीच नोंदविलेला आहे. त्यावर शंकराचार्य सांगतात की, ईश्वर पावसासारखा सर्वांना समान आहे. प्राण्यांच्या पूर्वकर्मांमुळे भेद पडतो. या युक्तिवादाने ईश्वर निर्दोष ठरतो, पण त्यासाठी दोष पीडिताच्या माथी येतो. मसूरचे तहानलेले बालक मग मागील जन्मीचा अपराधी ठरते आणि स्टेशनमास्तर व गाडीवाले निर्दोष सुटतात. आमच्या मते, या प्रश्नातील खरा धोका येथेच आहे.

तथागतांनी हा धोका फार पूर्वीच ओळखला होता. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात तित्थायतन सुत्त आहे. त्यात ते तीन मते तपासतात: सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळे घडते, सर्व ईश्वरनिर्मितीमुळे घडते, सर्व अकारण घडते. या तिन्ही मतांचा शेवट एकच आहे, असे ते दाखवितात. हत्या करणाराही मग पूर्वकर्मामुळे, ईश्वरामुळे किंवा अकारणच हत्यारा झाला असे मानावे लागते. काय करावे व काय करू नये, याचा विचार आणि प्रयत्न निरर्थक होतात. वाचकांनी हे लक्षात घ्यावे की, तथागत येथे केवळ ईश्वरवादच नाकारीत नाहीत. सर्व काही पूर्वकर्मावर ढकलणेही नाकारतात. संयुत्त निकायात मोलिय सीवकाला तर ते सांगतात की, पित्त, कफ, वात, ऋतूचे पालटणे, बाह्य आघात अशा निरनिराळ्या कारणांनीही वेदना उत्पन्न होतात.

‘कोणी दिले?’ या प्रश्नाऐवजी ‘कशामुळे झाले?’ असे विचारले की वाट मोकळी होते. कोयनेचा भूकंप जलाशयाने प्रेरित भूकंपाचे ठळक उदाहरण म्हणून आज जगभर अभ्यासला जातो. मांढरदेवला अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि आवरता न आलेली गर्दी होती. ब्रह्मनाळच्या नावेत प्रमाणापेक्षा अधिक माणसे होती. मसूरला जातिव्यवस्था होती. ती माणसांनी घडविली आणि माणसेच ती मोडू शकतात. कारण असलेल्या गोष्टीचा निरोधही असतो, हीच प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण होय.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला देव-अवतारांचा त्याग करूनही, संकट येताच ‘मागच्या जन्मीचे पाप’ हे शब्द आपल्या घरांतून अजूनही ऐकू येतात. देव्हारा गेला, पण त्याचे उत्तर मात्र घरात राहिले. पूर ओसरल्यावर शेजाऱ्याच्या पडक्या भिंतीपाशी उभे राहून आपण त्याला त्याचे प्रारब्ध सांगणार, की ती भिंत का पडली हे त्याच्यासह शोधून ती पुन्हा उभारणार? सम्यक दृष्टीची कसोटी ग्रंथात नव्हे, तेथे लागते.