नोटीस गेली म्हणून शटरला कुलूप लावता येत नाही

‘सोयाबीन विकलं की भाडं देतो,’ हे वाक्य वाशीम जिल्ह्यातल्या गाळेमालकांना पाठ असतं. कृषी सेवा केंद्र असो की किराणा, उधारी हंगामावर चालते आणि भाडंही तिच्यासोबत रखडतं. मग कुणीतरी जाणता सल्ला देतो: वकिलाची नोटीस पाठव, नव्वद दिवस मोज आणि शटरला आपलं कुलूप ठोक.

हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि कितीदा खोडला तरी पुन्हा ऐकू येतोच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम १५ एकदा वाचावं. थकबाकीची लेखी मागणी भाडेकरूला पोचल्यापासून ९० दिवस होईपर्यंत मालकाला ताब्याचा दावाच लावता येत नाही. नव्वद दिवसांनी उघडतो तो फक्त कोर्टाचा रस्ता.

दावा लागल्यावरही भाडेकरूला संधी असते. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने सगळी थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह कोर्टात भरली, कोर्ट सांगेल तो खर्च दिला आणि निकालापर्यंत भाडं नियमित भरलं, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. समजा ४८,००० रुपये थकले, तर व्याज महिन्याला ६०० रुपये. पुढचं भाडं चुकवलं, तर मात्र हे संरक्षण जातं.

कुलूप ठोकणारा मालक उलट स्वतःच अडकतो. शांतपणे ताब्यात असलेल्या माणसाला कायद्याची वाट सोडून बाहेर काढता येत नाही, त्याचा हक्क संपला असला तरीही, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा वेंकट राव’ (१९८९) या निकालात स्पष्ट केलंय. असा भाडेकरू विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो. वीज-पाणी तोडायलाही याच भाडे कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे.

आता बाकीचे गैरसमज.

‘आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागते.’ विदर्भात १९४९ च्या आदेशाखाली लागायची. नवा कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला. आता थेट दिवाणी न्यायालयात जायचं.

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही.’ लागतो. कलम ५५ ने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं.

‘करार संपला की सक्षम प्राधिकरण दुकान लगेच रिकामं करून देतं.’ कलम २४ ची ती वाट फक्त राहण्यासाठी परवान्याने दिलेल्या जागेला आहे.

‘सगळ्या भाडेकरूंना एकच कायदा.’ बँका, एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या आणि नगरपरिषदेचे गाळे यांना हा कायदा लागू नाही. कायदा न लागणाऱ्या खेड्यातल्या खासगी दुकानाला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. करारात वेगळं ठरलं नसेल, तर मासिक भाडेपट्टा संपवायला १५ दिवसांची नोटीस.

तेव्हा मालकांनी नोटिशीत कोणत्या महिन्याचं किती भाडं थकलं ते मांडावं, खाली सही करावी, ती पोचल्याचा पुरावा जपावा. आणि भाडं मिळाल्यावर पावती द्यावी; भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ती बंधनकारक आहे.