हवा येते कुठून?

सिग्नलला गाडी उभी आहे, गिअर न्यूट्रलमध्ये, उजवा पाय ब्रेकवर. ॲक्सिलरेटरला कुणी शिवलेलं नाही, तरी इंजिन पंधराशे-सोळाशे फेऱ्यांवर गुरगुरतंय. पंधरा-वीस वर्षं वापरलेल्या, इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. इंजिन पुरतं तापल्यावर ते साधारण ७५० ते ९०० फेऱ्यांवर स्थिरावायला हवं. एसी लावला तर थोडं वर. (मारुती ८०० मध्ये फेऱ्या दाखवणारा काटाच नसायचा, तिथे सगळी भिस्त कानावर.) गॅरेजच्या भाषेत ‘रेस जास्त आहे’. त्यावरचा प्रचलित इलाज म्हणजे बॉनेट उघडून थ्रॉटलचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर एकेक सेन्सर बदलत सुटायचं. दोन्हींत पैसे जातात, कारण दोन्हींत मूळ प्रश्न विचारलाच जात नाही: एवढी हवा इंजिनात येते कुठून?

हवाच का, पेट्रोल का नाही, ही शंका रास्त आहे. पण पेट्रोल इंजिनाचा लगाम हवेच्या हातात असतो. ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोलचा नळ उघडत नाही. थ्रॉटलची चकती कलते आणि हवेला वाट मिळते. संगणक, म्हणजे ईसीयू, त्या हवेचा अंदाज घेऊन दर किलो हवेमागे सत्तर ग्रॅमच्या आतबाहेर पेट्रोल इंजेक्टरमधून सोडतो. इंजेक्टर गळत असेल तर काळा धूर येईल, पेट्रोलचा वास येईल, इंजिन अडखळेल. पण जाळायला हवाच नसेल तर जादा पेट्रोलातून ताकद निघणार नाही. इग्निशनचं टायमिंग पुढे सरकलं तर फेऱ्या थोड्या चढतात हे खरं, पण दुपटीवर जात नाहीत. आठशेवर राहणारं इंजिन सोळाशेवर स्थिर फिरत असेल तर त्याला जादा हवा मिळते आहे, एवढं डोळे मिटून म्हणता येतं.

ती हवा यायला किती मोठं भोक लागतं? आयडलिंगवर, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडलेला असताना, मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळकांड्यातला) दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. एक लिटरचं इंजिन आठशे फेऱ्यांवर मिनिटाला चारशे लिटर जागा भरतं, पण इतक्या विरळ हवेने. बाहेरच्या मापाने ती सव्वाशे-दीडशे लिटरच होते. दाबातला हा फरक इतका मोठा आहे की फटीत शिरणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते. या वेगाने चार मिलिमीटर व्यासाच्या भोकातून, ढोबळ हिशेबाने, मिनिटाला सव्वाशे लिटर हवा आत येऊ शकते. म्हणजे इंजिनाला लागते जवळजवळ तितकीच, तीही थ्रॉटल पूर्ण बंद असताना. रबरी नळी तिच्या टोकाशी उन्हातान्हाने आणि इंजिनाच्या धगीने तडकते, त्या भेगेतून ऐकू येणारी सूं अशी बारीक शीळ याच वेगाची खूण असते.

या चोरट्या हवेने फेऱ्या वाढतात की इंजिन नुसतं थरथरतं, हे ईसीयू हवा कशी मोजतो त्यावर ठरतं. बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० साठी आणलेली डी-जेट्रॉनिक यंत्रणा मॅनिफोल्डचा दाब मोजायची. १९७४ च्या एल-जेट्रॉनिकने आत येणारी हवाच मोजायला सुरुवात केली. हवा मोजणाऱ्या यंत्रणेत मापकाच्या पुढून शिरलेली हवा हिशेबात धरली जात नाही, मिश्रण पातळ होतं, इंजिन अडखळतं. दाब मोजणाऱ्या यंत्रणेत मात्र चोरटी हवा दाब वाढवते, ईसीयू इमानदारीने त्या प्रमाणात पेट्रोल सोडतो आणि रेस चढते. आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्या बहुतेक याच घराण्यातल्या. फेऱ्या फारच चढल्या तर ईसीयूला वाटतं गाडी उतारावर घरंगळते आहे, मग तो पेट्रोल तोडतो. वेग पडला की पुन्हा सोडतो. इंजिन झोका घेतल्यासारखं वरखाली करू लागतं आणि बिचाऱ्या ईसीयूवर खापर फुटतं.

स्क्रूची सवय आली ती कार्ब्युरेटरच्या काळातून. तिथे आयडलिंगचा स्क्रू फिरवणं हीच खरी जुळणी होती. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो प्रदूषण मानकांची मुदत घालून दिली आणि एक-दोन वर्षांत नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार होऊ लागला. पाने-स्क्रूड्रायव्हर धरणारे हात मात्र तेच राहिले. इंजेक्शनच्या गाडीतला थ्रॉटल स्टॉप स्क्रू कारखान्यात बसवून त्यावर बहुधा रंगाचा ठिपका देतात. तो फिरवल्यावर रेस उतरते हे खरं असेल, पण तशी ती उतरत असेल तर कुणीतरी आधीच तो स्क्रू हलवलेला होता. नसेल, तर चकती भिंतीला घासून अडकायची वेळ येते. उलट तो आत घातला की थ्रॉटल सेन्सरचा ‘बंद’ हा इशाराच हरवतो, आणि आपण आयडलिंगवर आहोत हे ईसीयूला उमगत नाही.

कधी हवा चोरटी नसतेच, ईसीयूनेच मागवलेली असते. थंड इंजिन बारा-पंधराशेवर फिरवणं हे त्याचं कामच. कूलंट तापमानाचा सेन्सर साधारण वीस अंशांना दोन-तीन हजार ओहम दाखवतो, ऐंशी अंशांना काहीशे. त्याची वायर तुटली तर रोध अनंत होतो, आणि काही यंत्रणांत भर वैशाखातल्या नागपुरातही ईसीयूला कडाक्याची थंडी वाजते. आपल्याकडे याहून अधिक आढळणारी गोष्ट वेगळी: ‘गाडी गरम होते’ म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकलेला असतो. मग हायवेला इंजिन कधी तापतच नाही आणि रेस उतरत नाही. काही जुन्या गाड्यांत थंडीतली जादा हवा मेणाच्या झडपेतून जाते; ती झडप कूलंटच्या उष्णतेने बंद होते. कूलंट कमी असेल तर ती उघडीच राहते. म्हणून तपासणी इंजिन पुरतं तापवून, रेडिएटरचा पंखा निदान एकदा लागून बंद झाल्यावरच करायची.

त्यानंतरची मुख्य परीक्षा फुकट आहे. आधी पायाखालची मॅट आणि ॲक्सिलरेटरची केबल पाहायची. केबलला किंचित ढील हवी. मग हवेचा मोठा पाइप काढून, पंखा आणि पट्टा यांच्यापासून बाह्या सांभाळत, थ्रॉटल बॉडीच्या तोंडावर तळहात दाबायचा. इंजिन गुदमरून बंद पडलं तर सगळी हवा याच तोंडाने येते: दोष चकतीत, केबलमध्ये किंवा थ्रॉटल बंद असताना ईसीयू जिच्यातून हवा सोडतो त्या आयडल झडपेत. त्या झडपेचं भोक बहुधा चकतीजवळच असतं. त्यावर बोट ठेवून रेस उतरली तर उत्तर मिळालं. तळहात दाबूनही इंजिन चालूच राहिलं तर हवा पुढून कुठूनतरी शिरते आहे. मग एकेक नळी पकडीने हलकेच चिमटायची: क्रँककेसची, पेट्रोलच्या वाफेच्या डब्याची, ब्रेक बूस्टरची. जी चिमटल्यावर रेस पडते, ती नळी किंवा तिच्या टोकाचा भाग गुन्हेगार. पेट घेणाऱ्या क्लीनरचा फवारा मारून गळती शोधणाऱ्यांना तापलेल्या एक्झॉस्टचा विसर पडतो. साबणाचं पाणी पुरतं.

‘स्कॅनर लावला की कळेल’ असं कुणी म्हणेल. स्कॅनर सेन्सरचं म्हणणं सांगतो, तडकलेली नळी दाखवत नाही. शिवाय दाब मोजणाऱ्या गाडीत मिश्रण बरोबरच राहतं, त्यामुळे मिश्रणाबद्दल तक्रार करायला ईसीयूकडे कारण नसतं. दुसरा आक्षेप: थ्रॉटल बॉडी नुकतीच धुतली, त्यानंतरच रेस वाढली. हे होतं. साचलेल्या काजळीमुळे हवा कमी पडत होती म्हणून ईसीयूने झडप जास्त उघडायची सवय लावून घेतली होती. काजळी गेली, सवय राहिली. बऱ्याच गाड्या थोड्या वापरानंतर ती सोडतात.

पेट्रोल थोडं जास्त जळेल, चालवून घेऊ, हा विचार बूस्टरच्या नळीपाशी महाग पडतो, कारण त्याच गळतीने ब्रेक कठीण होतात. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, दाबलेलंच ठेवून चावी फिरवायची. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली थोडं खाली बसायला हवं. न बसल्यास रेसची चिंता नंतर.