गोडसे कुटुंब आणि पुणे : कागदावर काय आहे, मोबाईलवर काय फिरतं

दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता आपल्याकडच्या शाळांत दोन मिनिटं मौन पाळलं जातं. मौन संपलं की मुलांचे प्रश्न सुरू होतात. शहापूर, मुरबाडकडची मुलं तशी सरळ विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला : "सर, गोडसे पुण्याचाच होता ना?" दुसरा प्रश्न बहुतेक वेळा आपल्याच समाजातल्या मुलाचा असतो : "सर, त्याने हातावर 'इस्माईल' गोंदवून घेतलं होतं, खरं का?" हा दुसरा प्रश्न पुस्तकातून आलेला नसतो. तो घरातल्या मोबाईलवरून येतो. म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं.

पुण्याचं आधी घेऊ. नथुरामचा जन्म १९ मे १९१० चा, बारामतीचा. म्हणजे जिल्हा पुणे, शहर नव्हे. गोडसे मूळचे मावळातल्या कामशेतजवळच्या उकसाण गावचे. वडील विनायकराव टपाल खात्यात नोकरीला, त्यामुळे बदलीचं घर. नथुरामच्या आधी झालेले मुलगे जगले नव्हते, म्हणून या मुलाला मुलीसारखं वाढवायचा नवस होता. नाकात नथ घातली. खरं नाव रामचंद्र, पण नथीमुळे 'नथुराम' हेच चिकटलं. प्राथमिक शिक्षण बारामतीत, मग इंग्रजी शिकायला पुण्यात आत्याकडे. मॅट्रिक काही झाला नाही. १९२९ ला वडिलांची बदली रत्नागिरीला झाली. तिथे त्या वेळी सावरकर स्थानबद्ध होते आणि तिथेच नथुरामचा त्यांच्याशी संबंध आला. पुढे कुटुंब सांगलीला गेलं, तिथे तो शिवणकाम शिकला. पुण्यात तो कायमचा आला तो १९३० नंतरच्या दशकाच्या शेवटी, हिंदू महासभेच्या कामासाठी.

म्हणजे बघा, लहानपणी शिकायला आलेला आणि तरुणपणी राजकारणासाठी परत आलेला असा हा पुणेकर आहे. पण पुढचं जे काही झालं, ते मात्र पुण्यातच शिजलं, यात शंका नाही. १९४४ मध्ये त्याने नारायण आपटेबरोबर 'अग्रणी' हे वर्तमानपत्र पुण्यातून सुरू केलं. सरकारने जामीन मागितला तेव्हा ते बंद करून 'हिंदुराष्ट्र' नावाने काढलं. आपटे बी.एस्सी., बी.टी. झालेला, अहमदनगरच्या मिशन शाळेत शिक्षक होता. (आमच्याच पेशातला, हे वाचताना दर वेळी थोडं अडखळायला होतं.) शस्त्रं विकणारा दिगंबर बडगे, जो पुढे माफीचा साक्षीदार झाला, त्याचं 'शस्त्र भांडार' पुण्यातच होतं.

आणि कुटुंब? नथुरामने लग्न केलं नाही. त्याचा धाकटा भाऊ गोपाळ, जन्म १९१९ चा, खडकीच्या लष्करी वाहनांच्या सुट्या भागांच्या डेपोत नोकरीला होता. बायको सिंधुताई, दोन लहान मुली, असा चारचौघांसारखा संसार. खटल्यात या संसाराचे दोन साधे कागद पुरावा म्हणून आले. पहिला कागद विम्याचा. १३ आणि १४ जानेवारी १९४८ ला नथुरामने आपल्या दोन पॉलिशांवर वारस लावले. दोन हजारांची आपटेच्या बायकोच्या नावे, तीन हजारांची गोपाळच्या बायकोच्या नावे. दुसरा कागद रजेच्या अर्जाचा. गोपाळने १५ तारखेपासून रजा मागितली, ती नामंजूर झाली. मग पुन्हा अर्ज दिला आणि १७ ते २३ जानेवारीची रजा मिळाली. २० जानेवारीला दिल्लीत बिर्ला हाऊसच्या आवारात मदनलाल पाहवाने स्फोट घडवला, तेव्हा गोपाळ दिल्लीत होता. सरकारी नोकरी असलेल्या कुणालाही या अर्जाचा अर्थ लगेच कळेल.

तारखा इथे जरा लावून बघा. १३ जानेवारीला, म्हणजे विम्याचा पहिला कागद झाला त्याच दिवशी, गांधीजींनी दिल्लीत उपोषण सुरू केलं. त्यांच्या अटींत दिल्लीतल्या मुसलमानांना निर्धास्त राहता यावं, बळकावलेल्या मशिदी परत मिळाव्यात, महरौलीला ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींचा उरूस नेहमीसारखा भरावा, या गोष्टी होत्या. १८ जानेवारीला उपोषण सुटलं. २० चा प्रयत्न फसल्यावर नथुराम आणि आपटे मुंबईला परतले. गोपाळ आणि विष्णू करकरे यांच्याशी त्यांची पुढची भेट झाली ती २५ तारखेला, आपल्या ठाण्यात, एका ओळखीच्या माणसाच्या घरी. ठाण्याचं हे पान आपल्या जिल्ह्यात फार जणांना माहीत नसतं. २७ जानेवारीला गांधीजी महरौलीच्या दर्ग्यात उरुसाला गेले आणि त्याच दिवशी नथुराम व आपटे विमानाने दिल्लीला उतरले. तिथून ग्वाल्हेरला जाऊन पिस्तूल मिळवलं. ३० तारखेची संध्याकाळ सगळ्यांना माहीत आहे.

आता दुसरा प्रश्न, हातावरच्या गोंदणाचा. मेसेज असा फिरतो की नथुरामने सुंता करून घेतली होती, हातावर 'इस्माईल' लिहून घेतलं होतं, म्हणजे खून मुसलमानावर ढकलता यावा. हा मेसेज आपल्या ग्रुपवर मोठ्या उत्साहाने पुढे पाठवला जातो. पण विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्या निकालात याचा आधार नाही. शिवाय साध्या अकलेलाही ते पटत नाही. गोळ्या झाडून नथुराम जागेवरच पकडला गेला. त्याने नाव लपवलं नाही, उलट कोर्टात स्वतःच्या नावाने लांबलचक निवेदन केलं. त्या संध्याकाळी तुघलक रोड पोलीस ठाण्यात जी फिर्याद नोंदली गेली, ती नंदलाल मेहता यांनी दिलेली आहे आणि ती उर्दूत लिहिलेली आहे. त्यात मारेकऱ्याचं गोडसे हे आडनाव आहे आणि राहणार पूना असंही आहे. पुण्याशी असलेलं नातं पहिल्याच सरकारी कागदावर, आपल्या ओळखीच्या लिपीत नोंदलेलं आहे. त्याला गोंदणाची जोड कशाला हवी?

या मेसेजच्या मागे एक खरी गोष्ट आहे, ती मात्र सांगायला हवी. गोळ्यांचा आवाज विरायच्या आत दिल्लीत 'मुसलमानाने मारलं' ही आवई उठली होती. बिर्ला हाऊसला पोचलेल्या लॉर्ड माउंटबॅटन यांच्यासमोर गर्दीतला एक जण तसंच ओरडला, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की मारणारा हिंदू आहे. त्यांना स्वतःला तेव्हा ते नक्की माहीत नव्हतं. पण दुसरं काही असेल तर काय होईल, ते त्यांना चांगलं माहीत होतं. मग आकाशवाणीवरून मारेकरी हिंदू असल्याचं सांगितलं गेलं. त्या तासाभरात देशभरातल्या मुसलमान वस्त्यांवर काय टांगलेलं होतं, याचा अंदाज आपल्याला करता येतो, कारण आजही कुठे काही घडलं की आपण सगळ्यात आधी आरोपीचं नाव बघतो आणि मनात दुआ करतो की ते आपलं नसावं. सूरह हुजुरातमध्ये खबर आली की शहानिशा करण्याची ताकीद आहे. ती ताकीद आपल्या फायद्याच्या खबरेलाही लागू आहेच.

मग त्या रात्रीनंतर महाराष्ट्रात काय झालं? नाव गोडसे निघालं, गाव पुणे निघालं, जात चित्पावन ब्राह्मण निघाली. पुण्यात, सातारा-सांगलीकडे, कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं, दुकानं पेटवली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. मुंबईत सावरकरांचे धाकटे भाऊ डॉ. नारायणराव यांना जमावाने दगडांनी मारलं. ते त्यातून पुरते सावरले नाहीत आणि १९४९ च्या ऑक्टोबरात वारले. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी याच दिवसांवर आहे, शाळेच्या ग्रंथालयात असेल तर जरूर काढा. ज्यांची घरं जळली, त्यांतल्या बहुतेकांनी नथुरामचं नाव रेडिओवरच पहिल्यांदा ऐकलं असणार. आडनाव आणि गाव बघून गुन्हेगार ठरवायची ही पद्धत आपल्याला परकी नाही. म्हणून 'पुण्याचे सगळे तसलेच' हे वाक्य आपल्या तोंडी येतं, तेव्हा मला ते खटकतं.

यावर एक सहकारी म्हणाले, "मग आपण मुरबाडकर भाई कोतवालांचा अभिमान का मिरवतो? ते तरी कुठे मुरबाडचे, माथेरानचे!" बरोबर आहे. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी शहीद झाले आणि तालुका आजही तिथे मानवंदनेला जमतो. पण जमतो तो आपण होऊन, कुणी जबरदस्तीने आणून उभा करत नाही. पुण्याच्या बाबतीतही तेवढंच बघायचं : नंतर कोण आपण होऊन जमलं आणि कशासाठी जमलं.

खटल्यात आठ आरोपी होते. १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल लागला. नथुराम आणि आपटे यांना फाशी, गोपाळसह पाच जणांना जन्मठेप, सावरकर निर्दोष. अपिलात त्या पाचांतले दोघे सुटले. फाशी होऊ नये म्हणून गांधीजींचे मुलगे मणिलाल आणि रामदास यांनी विनंती केली होती, ती मानली गेली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाला तुरुंगात फाशी झाली.

गोपाळ ऑक्टोबर १९६४ मध्ये सुटून पुण्याला आला. १२ नोव्हेंबरला पुण्यात सत्यविनायकाच्या पूजेच्या निमित्ताने त्याच्या सुटकेचा सत्कार झाला. तिथे लोकमान्य टिळकांचे नातू आणि जुने संपादक ग. वि. केतकर बोलून गेले की नथुरामच्या मनात काय आहे हे आपल्याला आधीच माहीत होतं. देशभर गदारोळ झाला. केतकरांना अटक झाली, गोपाळला पुन्हा वर्षभर आत टाकलं, आणि त्यातूनच न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा चौकशी आयोग आला. आयोगाचा अहवाल १९६९ चा. केतकरांच्या म्हणण्यात आणखी एक गोष्ट होती, जी टीका करणारे सहसा सांगत नाहीत : पुण्याच्याच बाळूकाका कानिटकरांनी खुनाच्या कितीतरी आधी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र पाठवून धोक्याची सूचना दिली होती. म्हणजे पुण्यात बेत शिजत होता आणि पुण्यातूनच इशाराही गेला होता. इशाऱ्याचं पुढे काही झालं नाही, ती वेगळी कहाणी.

गोपाळ पुण्यातच राहिला, 'गांधीहत्या आणि मी' हे पुस्तक लिहिलं. सरकारने ते जप्त केलं, पण १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्ती उठवली. २००५ च्या नोव्हेंबरात तो पुण्यातच वारला. त्याची मुलगी हिमानी ही डॉ. नारायणराव सावरकरांची सून झाली. ज्या माणसाला नथुरामच्या कृत्याची शिक्षा जमावाने दिली, त्याच्याच घरी. त्या हिंदू महासभेच्या अध्यक्ष होत्या, २०१५ मध्ये पुण्यात वारल्या.

नथुरामच्या अस्थी विसर्जन न करता पुण्यात, शिवाजीनगरला ठेवलेल्या आहेत. सिंधू नदी 'अखंड' भारतातून वाहील तेव्हा तिच्यात सोडाव्यात, अशी त्याची इच्छा होती. दर १५ नोव्हेंबरला कुटुंब आणि समविचारी लोक तिथे जमतात. हे नातं मात्र कुणी लादलेलं नाही, त्यांनी स्वतः जपलेलं आहे, आणि त्याबद्दल त्यांना प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

मुरबाडवरून माळशेज घाट चढला की पुणे जिल्हा लागतो, त्यामुळे आपल्याकडच्या शाळांच्या सहली पुण्याला बऱ्याच जातात. शनिवारवाडा आणि सिंहगड झाल्यावर नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेसही यादीत घ्या. तिसरे आगाखान सुलतान मोहम्मद शाह यांनी तो १८९२ मध्ये बांधला, १९४२ ला इंग्रजांनी गांधीजींना तिथेच कैदेत ठेवलं, आणि १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी तो देशाला दान दिला. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा तिथेच कैदेत वारले, दोघांच्या समाध्या आवारात आहेत. त्यांच्या शेजारी गांधीजींच्या अस्थींचाही थोडा भाग ठेवलेला आहे.