हिऱ्याचे वजन आणि हिऱ्याचे तेज

आमच्या निमगाव केतकीकडचे गिऱ्हाईक निकाहासाठी अंगठी घ्यायला गेले की पहिला प्रश्न वजनाचा करते. सोन्याला तो ठीक आहे. हिऱ्याचा कारागीर मात्र वजन मुद्दाम घालवतो आणि त्यातच त्याचा हुनर असतो.

'नासिक हिरा' याचे उत्तम उदाहरण आहे. त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानातला म्हणून ओळखला जाणारा हा हिरा १८१८ साली पेशवाई संपली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला. वजन सुमारे ९० कॅरट, म्हणजे १८ ग्रॅम. आपल्याकडचे जुने कारागीर दगड मोठा राखण्यावर भर देत, त्यामुळे तेज कमी पडे. लंडनच्या जवाहिऱ्यांनी तो घासून ७८ कॅरटच्या थोडा वर आणला. १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा कापला, तेव्हा ४३.३८ कॅरट उरला. निम्म्याहून जास्त वजन गेले!

हे कशासाठी? हिऱ्यात शिरलेला उजेड आतून पैलूवर तिरपा पडला तर बाहेर न जाता परत फिरतो. काचेपेक्षा हिऱ्यात हे फार सहज घडते. खालच्या पैलूंचा उतार नेमका असेल तर वरून शिरलेला उजेड दोनदा वळून पाहणाऱ्याच्या डोळ्यात येतो. उतार कमी झाला किंवा जास्त झाला तर तो खालून गळतो. फार खोल हिरा मध्ये काळा दिसतो. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली गणित मांडून खालचा उतार पावणेएकेचाळीस अंश आणि वरचा साडेचौतीस अंश सांगितला. गोल हिऱ्याच्या ५७ पैलूंना आजही साधारण तोच आधार आहे.

घासायला हिऱ्याचीच भुकटी लागते. कापडाला जसा ताणा-बाणा, तशी हिऱ्यालाही दिशा असते. एका दिशेने तो घासला जातो, दुसऱ्या दिशेने दाद देत नाही.

माणकाचा हिशेब वेगळा. तिथे रंग मोठा. एकच माणिक दोन बाजूंनी दोन छटांचे दिसते, म्हणून चांगला रंग वर येईल असा खडा बसवून मग पैलू पाडतात. जयपूरला या कामात आपल्या समाजाचे अनेक कारागीर आहेत. अकीक हिऱ्यासारखा पारदर्शक नसतो, त्याला बहुधा गोल घुमटी पुरते.

तेव्हा हिरा दुकानातल्या प्रखर दिव्याखाली पसंत करू नका. दाराशी, साध्या उजेडात हलवून पाहा, मध्ये काळे दिसते का ते बघा, आणि दाखल्यावर वजनाशेजारी 'कट'चा दर्जा लिहिला आहे का ते विचारा. प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यालाही हेच लागू आहे.