परस्परांच्या वाणीतून घडणारे पात्र

म्हैसूरमधील कुवेंपुनगर ज्या कवीचे नाव धारण करते, त्या कुवेंपूंनी ‘श्रीरामायण दर्शनम्’ या महाकाव्यात रावणाचे अंतःकरण क्रमाक्रमाने पालटत गेलेले दाखविले आहे. या काव्याला १९५५ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला. येथे पात्राच्या विकासाची सारी सूत्रे एका कवीच्या हाती आहेत. परंतु त्याच कर्नाटकाच्या किनारपट्टीवर पात्र घडविण्याची दुसरीही एक रीत आहे. ती म्हणजे यक्षगानाचा बैठा प्रकार, ताळमद्दळे.

ताळमद्दळेत वेषभूषा नाही, नृत्यही नाही. भागवत प्रसंगातील पदे गातो आणि अर्थधारी त्या पदांचा अर्थ आपापल्या पात्राच्या मुखाने उत्स्फूर्त गद्यात विस्तारतात. पदे व कथेचा शेवट ठरलेला असतो. भाषणे मात्र त्या रात्रीची असतात.

वालिवधाचा प्रसंग घ्यावा. बाणाने विद्ध झालेला वाली रामाला जाब विचारतो. त्याचा मृत्यू अटळ आहे, हे श्रोत्यांना ठाऊक असते. तथापि तो क्रोधाकडून शंकेकडे आणि शंकेकडून शांतीकडे कोणत्या पायऱ्यांनी जातो, हे रामाच्या उत्तरांवर अवलंबून असते. वालीने पहिल्याच वाक्यात शरणागती पत्करली, तर रामाला बोलण्यासारखे काही उरत नाही. उलट, रामाने आरंभीच आपले ईश्वरत्व पुढे केले, तर वालीचा प्रश्नच निर्जीव होतो. म्हणून जाणता अर्थधारी आपल्या पात्राचे सर्व धन एकदम उधळीत नाही. प्रतिपक्षाच्या युक्तिवादातील बळ मान्य करून मगच तो पुढचे पाऊल टाकतो. येथे संयम हा केवळ सौजन्याचा भाग नसून रचनेचा नियम आहे. निव्वळ वादात जिंकण्याची ईर्ष्या बळावली, की वक्ता उरतो आणि पात्र लोपते.

मराठी रंगभूमीला ही रीत परकी नाही. उत्तर कानडातील भागवत मंडळींचे खेळ १८४२ साली सांगलीत झाले आणि पुढच्याच वर्षी विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. भाव्यांच्या नाटकांतही सूत्रधार पदे म्हणे आणि नट त्या अनुरोधाने आयत्या वेळी भाषणे करीत. १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या कीर्तन्यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या नाटकापासून लिखित गद्य संवादाचे युग सुरू झाले. नाटककाराला त्यामुळे पात्रावर पूर्ण अधिकार मिळाला. नटाची ऐकून उत्तर रचण्याची विद्या मात्र नागर रंगभूमीवर मागे पडली. सिंधुदुर्गातील दशावतारात ती आजही जिवंत आहे. तेथे आख्यानाची रूपरेषा ठरते आणि संवाद रंगमंचावर जुळत जातात.

या परंपरांचा विचार करताना समीक्षेपुढे एक अडचण उभी राहते. केवळ छापील पदे तपासली, तर पात्र सापडत नाही. एकट्या नटाची वाणी गौरविली, तरी ते अर्धेच सापडते. अशा पात्राचा कर्ता एकवचनी नसतो. वालीची थोरवी काही अंशी रामाने त्याला विचार करण्यास दिलेल्या अवसरात असते. हा अवसर ओळखणे आणि त्याचे मूल्यमापन करणे, हेच या वाङ्मयप्रकाराच्या समीक्षेचे पहिले कार्य होय.